मित्रांच्या सह्या, मित्रांच्या वह्या

सह्या गोळा करण्याची हौस जुनी आहे. तिचा माग सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठापर्यंत लागतो. मार्टिन ल्यूथर आणि फिलिप मेलांक्थॉन हे तिथले अध्यापक. त्यांचं हस्ताक्षर जवळ असावं म्हणून विद्यार्थी आपल्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर त्यांच्याकडून चार ओळी लिहून घेत. पुढे मित्रही लिहू लागले. बोधचित्रांच्या पुस्तकांत मधूनमधून कोरी पानं बांधून घेण्याची पद्धत पडली.

त्या काळी विद्यार्थी गावोगावच्या विद्यापीठांत फिरत. अशी सह्यांची वही सोबत असे आणि नव्या गावी तीच त्यांची ओळख पटवी. लिहिणारा एखादं वचन, गाव, तारीख आणि सही देई. ऐपत असलेले चित्रकाराकडून आपलं कुलचिन्हही रंगवून घेत. कोण कुठे शिकला, कोणाला भेटला, हे इतिहासकारांना आज या पानांवरून कळतं. मला तर हेच त्यांचं खरं मोल वाटतं.

ऑग्सबर्गचा कलावस्तूंचा व्यापारी फिलिप हाइनहोफर याची वही सर्वांत देखणी म्हणावी अशी. सम्राट दुसरा रुडॉल्फ याचीही सही तीत आहे. हाइनहोफर १६४७ साली वारला, तेव्हा वोल्फेनब्युटेलच्या ड्यूक ऑगस्टनं ती वही मिळवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिथल्या त्याच्याच ग्रंथालयानं अखेर २०२० मध्ये ती सुमारे २८ लाख युरोंना विकत घेतली.