कुंपण आणि पीक

२०२० साली केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले. अशी भिंत उभारल्याने देशी कारखानदारी सावरेल काय?

पेणच्या मूर्तिकाराला परदेशी मूर्ती अडल्याचा आधार मिळेल. परंतु गणेशोत्सवापर्यंत अडकलेले भांडवल आणि त्यावरील व्याज यांवर शुल्काचा उतारा नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. ज्याचा कच्चा माल बाहेरून येतो, त्याच्यावर तेच शुल्क उलटते.

शुल्क हे कुंपण आहे, पीक नव्हे. पीक येते ते स्वस्त कर्ज, संशोधन आणि कायम रोजगारातून. या अटी न घालता दिलेले संरक्षण केवळ मालकाचा नफा राखते. मग कुंपणच शेत खाते.