मुरमाची वाट आणि सायकल
(बिदर–कलबुर्गी सीमाभागातील सायकल-भ्रमणमार्गांविषयीच्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील शिक्षक, टपालवाला, दूधवाला आणि ग्रामसेवक यांची ओळख एके काळी सायकलीवरून होत असे. तिची चाके २८ इंची असत. टायर दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलीमीटर रुंद असे. डांबरी सडक हे अप्रूप असलेल्या त्या काळात हीच सायकल मुरमाच्या वाटेवरून, बैलगाडीच्या चाकोरीतून आणि ओढ्याच्या वाळूतून सुखरूप गावी पोहोचत असे. आज युरोप-अमेरिकेत खडीच्या व मुरमाच्या वाटांसाठी 'ग्रॅव्हल सायकल' नावाचा खास प्रकार लोकप्रिय झाला आहे. तिचे टायर सामान्यतः ३५ ते ५० मिलीमीटर रुंद असतात. गिअर, हलका सांगाडा व चांगले ब्रेक हे तिचे विशेष खरेच. परंतु रुंद टायर आणि कच्ची वाट ही तिची मूळ कल्पना आपल्या खेड्यास नवी नाही.

ही वाट जेथे अजून शिल्लक आहे, असा एक प्रदेश म्हणजे बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांचा सीमाभाग. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात गेले. सीमा आखली गेली, तरी सोयरीक, बाजार आणि जत्रा यांच्या वाटा पूर्वीसारख्याच राहिल्या. मराठी, कानडी, दखनी आणि लमाणी या चारही बोली या वाटांवर ऐकू येतात.

या भूमीची घडण सायकलस्वारास विशेष अनुकूल आहे. बिदर शहर साडेसहाशे मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर वसले आहे. काळ्या बेसाल्ट खडकावर येथे जांभ्या दगडाचा जाड थर आहे. बिदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदून काढला आहे, आणि नौबादची भुयारी पाणीवाट, म्हणजे करेझ, हीही याच थरातून नेलेली आहे. जांभ्याचा तांबडा मुरूम पाणी लवकर जिरवतो. म्हणून पठारावरील वाट पाऊस उघडताच चालती होते. कलबुर्गी शहर याहून सुमारे दोनशे मीटर खाली, काळ्या मातीच्या प्रदेशात आहे. ही माती ओली झाली की चाकाला चिकटते, आणि काही पावलांतच सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. तांबडी वाट आणि काळी वाट यांतील हा भेद ज्याने ओळखला, त्याचा अर्धा प्रवास सुकर झाला असे समजावे.

येथे सह्याद्रीसारखे उभे घाट नाहीत. पठाराची कड उतरताना किंवा चढताना जो वळणाचा रस्ता लागतो, तोच येथील घाट. परंतु या कडेवरून जाणारा प्रवासी एक मोठी सीमा ओलांडतो. बिदरकडील पाणी कारंजा व मांजरा या नद्यांतून गोदावरीस मिळते. कलबुर्गीकडील पाणी मुल्लामारी व कागिणा यांतून भीमेस आणि पुढे कृष्णेस जाते. एका दिवसाच्या सायकलप्रवासात दोन महानद्यांची खोरी पाहावयास मिळतात, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

या भागात तीन मार्ग सहज कल्पिता येतात. पहिला बिदरचा. किल्ल्याच्या तटावरून उत्तरेस मांजरेचे खोरे दिसते. पूर्वेस जवळच अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत, आणि शहरात १४७२ मध्ये पूर्ण झालेला महमूद गवान याचा मदरसा आहे. तेथून भालकीच्या बाजूस वळल्यास कारंजा जलाशय लागतो. माळरानावर काळवीट दृष्टीस पडण्याचा संभव असतो. मात्र त्यांच्या मागे सायकल घालू नये.

दुसरा मार्ग बसवकल्याणचा. हे चालुक्यांच्या राजधानीचे जुने कल्याण. विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' येथेच लिहिली, आणि बसवेश्वरांचे कार्यही येथेच बहरले. येथून हुमनाबादकडे जाताना जलसंगीचे चालुक्यकालीन मंदिर पाहता येते. त्याच्या भिंतीवर शिलालेख लिहिणारी एक स्त्री कोरलेली आहे. शिकणाऱ्या मुलींना ती शिल्पाकृती मुद्दाम दाखवावी. हुमनाबादजवळच माणिकप्रभूंचे माणिकनगर आहे.

तिसरा मार्ग पठार उतरून कलबुर्गी जिल्ह्यात कमलापूर व चिंचोळीकडे नेणारा. द्राक्षमळे पाहावयाचे तर सोलापूरकडील नान्नज किंवा विजापूरचा परिसर गाठावा लागतो. कमलापूरची ओळख आहे ती भौगोलिक मानांकन मिळालेल्या तांबड्या केळीची. पुढे तुरीची शेते आणि चिंचोळीचे वन लागते. २०११ मध्ये या वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि चंद्रमपल्लीचा जलाशय याच परिसरात आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून प्रवेश करू नये. २०१७ मध्ये बिदर–कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यामुळे एका टोकास सायकलीने जाऊन परतीचा प्रवास रेल्वेने करण्याचा बेतही आखता येतो.

प्रवासाचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत शाळूची ज्वारी उभी असते, आणि पुढे हुरड्याचा हंगाम येतो. मार्चनंतर ऊन असह्य होते. वेड्या बाभळीचे काटे हा येथील मोठा शत्रू; यास्तव सुटी ट्यूब, ठिगळाचे साहित्य, हवेचा पंप आणि पुरेसे पाणी बरोबर असलेच पाहिजे. फरशीपुलावरून पाणी वाहत असताना तो ओलांडण्याचे धाडस कोणीही करू नये.

आता मुख्य प्रश्न. या वाटा टिकतील काय? डांबरी सडक ही गावाची गरज आहे. रुग्ण, दूध आणि शाळेची मुले यांना ती हवीच; प्रवाशाच्या हौसेसाठी तिला विरोध करणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक गावाभोवती शेतात, तळ्यावर व शेजारच्या गावी जाणाऱ्या ज्या पाणंदी असतात, त्या सडकेमुळे नव्हे, तर दुर्लक्षामुळे नष्ट होतात. दोन्ही बाजूंचे बांध हळूहळू आत सरकतात, कडेची चारी बुजते, पावसाचे पाणी वाटेवरून वाहू लागते, आणि चार-पाच पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. मग बैलगाडी बंद पडते, उसाची मोळी डोक्यावरून आणावी लागते, आणि भावकीत तंटा सुरू होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आखली, ती या अडचणीची दखल घेऊनच.

या बाबतीत इटलीचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या खडीच्या वाटा डांबराखाली नाहीशा होऊ लागल्या होत्या. १९९७ मध्ये क्यांती भागातील गायोले या गावी काही सायकलप्रेमींनी जुन्या सायकलींवरून या वाटांची फेरी काढली. वाटा जतन कराव्यात हाच तिचा हेतू होता. पुढे या फेरीस जगभरातून लोक येऊ लागले. सायकलीच्या निमित्ताने वाट वाचली, आणि त्या वाटेने पाहुणा गावात आला.

आपल्याकडे आरंभ याहून साधा असावा. कर्नाटकात २००६-०७ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळाल्या. या मुलांनीच शिक्षकांसह आपल्या गावच्या वाटांचा नकाशा तयार करावा. त्यात विहीर, देऊळ, दर्गा, दवाखाना, पंक्चर काढणाऱ्याचे दुकान आणि पावसाळ्यात बंद पडणारी जागा दाखवावी. ग्रामपंचायतीने गाव-नकाशाशी तो ताडून पाहावा, महसूल विभागाच्या साहाय्याने वाटेची रुंदी निश्चित करावी, आणि पावसाळ्यापूर्वी चारी मोकळी करून मुरूम टाकावा. सीमेवरील दोन गावांनी हे काम एकाच आठवड्यात केल्यास वाट हद्दीपाशी तुटणार नाही.

सायकलस्वार वर्षातून एकदा येईल. शेतकरी त्या वाटेने रोज जाणार आहे. म्हणून आधी वाट शेतकऱ्यासाठी नीट व्हावी. बैलगाडीला जी वाट बारमाही चालते, ती सायकलीलाही चालते. पाहुण्यासाठी वेगळी वाट बांधण्याची गरज नाही. आपली वाट आपण राखली म्हणजे पुरे.