१९९५चा कौल, १९९९चा धडा



१४ मार्च १९९५. शिवतीर्थावर मनोहर जोशी यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि गोपीनाथ मुंडे यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. नवखा वार्ताहर म्हणून मी त्या गर्दीत उभा होतो. शेजारी जनसंघाच्या काळापासून भिंती रंगविणारे एक वृद्ध कार्यकर्ते होते. डोळे पुसत ते म्हणाले, "आता दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाही." त्या वाक्याचा अर्थ मला पुढील साडेचार वर्षांनी शिकविला.

कौल काय होता? २८८ जागांपैकी शिवसेनेला ७३, भाजपला ६५. बेरीज १३८, म्हणजे बहुमताला सात कमी. १९९०मध्ये १४१ जागा मिळविणारी काँग्रेस ८०वर आली. अपक्ष मात्र ४५ निवडून आले. जनतेने काँग्रेसला नाकारले होते, युतीला निर्विवाद स्वीकारले नव्हते. विजयाच्या गुलालात हा फरक आपल्या ध्यानी आला नाही.

कामे झाली नाहीत असे कोण म्हणेल? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मुंबईतील उड्डाणपूल, कृष्णा खोरे विकास महामंडळ ही त्या काळाची देणी आहेत. परंतु ज्या एन्रॉन प्रकल्पाविरुद्ध रान उठविले, तो ऑगस्ट १९९५मध्ये रद्द केला आणि जानेवारी १९९६मध्ये सुधारित स्वरूपात स्वीकारला. मुंबईत चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन तर अपुरेच राहिले. मतदार शब्द विसरत नाही.

१९९९मध्ये मुदतीपूर्वीच निवडणूक घेतली. काँग्रेस दुभंगलेली होती, तरी युती १२५वर अडली. वेगवेगळे लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी, ७५ आणि ५८ जागा घेऊन, निकालानंतर एकत्र आले. १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. कालचे विरोधक हातात हात घालीत असताना युतीतील मित्र परस्परांकडे संशयाने पाहत होते. सत्तेचे दार पुन्हा उघडण्यास २०१४ उजाडले.

मित्रहो, विरोधकांच्या अपयशावर सत्ता मिळते. टिकते ती स्वतःच्या शब्दावर. म्हणून कार्यकर्त्याचे काम मतमोजणीच्या दिवशी संपत नाही. आपल्याच मंत्र्याला "दिलेल्या शब्दाचे काय झाले?" असे नम्रपणे, पण निर्भयपणे विचारणे, हीसुद्धा निष्ठाच होय. ती निष्ठा आपण दाखविणार आहोत का, एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.