आजारपणाचा रोज



माझ्या मावसभावाच्या वलिम्याची जबाबदारी माझ्यावर होती. सकाळी काकडी-कांदा कापणाऱ्या मुलाचा फोन आला. "भाई, रात्रीपासून तीनदा उलटी झाली." मी म्हणालो, "गोळी घे आणि ये, माणसं कमी आहेत." तो आला. न येऊन करणार काय, रोज बुडाला असता.

दुसऱ्या दिवशी रात्रीपासून घराघरांत उलट्या-जुलाब. सगळ्यांनी बिर्याणीला नावं ठेवली आणि बिचाऱ्या आचाऱ्याची दोन कामं गेली. तपासणी कुणीच केली नाही, म्हणून तो नोरोव्हायरसच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण या विषाणूची चाल अशीच असते. पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या, जुलाब, पोटात कळा, आणि एक ते तीन दिवसांत बहुतेक जण बरे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मात्र अंगातलं पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकतात. बिर्याणी देगेतून वाफाळत येते. कोशिंबीर, कापलेली फळं, सरबतातला बर्फ यांना हात लागतो आणि पुढे आच लागत नाही. इफ्तारच्या ताटात हेच जास्त असतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या 'द फॅट डक' या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटमध्ये जेवलेले किमान २४० जण आजारी पडले. संशय मुख्यतः कालवांवर गेला, पण सहा कर्मचाऱ्यांमध्येही नोरोव्हायरस सापडला. आरोग्य खात्याला उशिरा कळवल्यामुळे साथ लांबली असावी, असं तपास करणाऱ्यांनी नोंदवलं. म्हणजे लपवाछपवी टपरीवरच होते असं समजू नका. केरळातही, वायनाडमध्ये, २०२१ साली विद्यार्थ्यांमध्ये हा आजार आढळला होता.

आता कामाचं. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो पुरेसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. वजू झाला म्हणून स्वयंपाकाआधी साबण टाळू नका. कुणी उलटी केली तर हातमोजे घालून आधी पुसून घ्या, मग साध्या घरगुती ब्लीचचं, म्हणजे पाच टक्केवाल्याचं, लिटरभर पाण्यात निदान २० मिली मिसळून ते पाच मिनिटं तिथे राहू द्या. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. आसपासचं उघडं अन्न फेकून द्या. जीव हळहळतो, पण फेका. बऱ्याच जणांना एकदम त्रास झाला तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवा. कोण काय जेवलं हे लिहून ठेवा, म्हणजे नाहक आचारी बदनाम होणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: उलट्या-जुलाब थांबल्यावरही पूर्ण ४८ तास त्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही. बरं वाटल्यावरही शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो, म्हणून नंतरही हात धुण्यात ढिलाई नको. आजारी माणसाला अन्नाच्या कामावर ठेवू नये असं आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही आहे. पण नियम भिंतीवर चिकटवून काय होतं? ज्याचं घर रोजावर चालतं, तो उलटी झाल्याचं सांगणारच नाही. त्या मुलाने तर सांगितलं होतं. ऐकलं नाही ते मी.

तुमच्यापैकी बरेच जण दावतीत, इफ्तारमध्ये राबता, काहींचे बिर्याणीचे, शोरम्याचे गाडे आहेत. खर्चाचा अंदाज काढताना तांदूळ, गोश्त, मंडप लिहिता, तिथेच आजारी पडणाऱ्याचे दोन-तीन दिवसांचे पैसे लिहा. कामाला बोलावतानाच त्याला सांगा, की आजारी पडलास तर फोन कर, रोज मिळेल. हजारेक माणसांच्या दावतीत ही रक्कम पानसुपारीपेक्षा कमी भरते, मी हिशोब केलाय.

गेल्या हिवाळ्यात त्याच मुलाचा पुन्हा असाच फोन आला. मी त्याला घरी राहायला सांगून पैसे पाठवले आणि कांदा कापायला स्वतः बसलो. दोनशे माणसांचा कांदा. डोळ्यांचं काय झालं ते विचारू नका.