राजमाचीच्या वाटा

पुण्याहून मुंबईस निघालेली आगगाडी खंडाळा मागें टाकून घाट उतरूं लागली, म्हणजे उजव्या हाताच्या खिडकीशीं बसलेल्या उतारूस एक खोल दरी दिसते. ही उल्हास नदीची दरी. दरीच्या पलीकडे दोन शिखरें शेजारीं शेजारीं उभीं असतात. एक उंच, दुसरें कांहींसें ठेंगणें. पाहणारा तीं नीट न्याहाळतो न न्याहाळतो तोंच बोगदा येतो आणि सारें दृश्य अंधारांत बुडून जातें. हीं शिखरें म्हणजे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. त्यांच्या पायथ्याशीं डोंगराच्या माचीवर उधेवाडी नांवाचें लहानसें गांव वसलेलें आहे. गाडीच्या खिडकींतून जें क्षणभर दिसतें, तेथें पायीं जावयाचें म्हटलें तर अर्धा दिवस खर्ची पडतो. आणि तो सत्कारणीं लागतो.

आज ही जागा आडबाजूची वाटते. पूर्वीं ती तशी नव्हती. कल्याण आणि सोपारा हीं प्राचीन काळचीं मोठीं बंदरें. तेथें उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून सह्याद्रि चढून देशावर येत असे. ज्या घाटांनीं ही वाहतूक चाले, त्यांपैकीं बोरघाट हा एक मुख्य. कार्ले, भाजे, बेडसे, कोंडाणे हीं लेणीं याच मुलुखांत आहेत, तीं उगाच नव्हेत. जेथें व्यापाऱ्यांचे तांडे जात, तेथें भिक्षूंना आश्रय मिळे आणि तांड्यांना विसावा. अशा घाटावर नजर ठेवावयास राजमाचीसारखी दुसरी जागा नाहीं.

म्हणूनच ती प्रत्येकाला हवी होती. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडीचा प्रांत घेतला, तेव्हां या भागांतील इतर किल्ल्यांबरोबर राजमाचीही स्वराज्यांत आली. १७१३ सालीं ती कान्होजी आंग्र्यांच्या हातीं गेली आणि पुढें पहिल्या बाजीरावांच्या काळीं पेशव्यांकडे आली. पानिपतच्या रणांत १७६१ सालीं नाहींसे झालेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असें सांगणाऱ्या तोतयानें १७७६ सालीं कोंकणांत बंड माजविलें, तेव्हां तोही या घाटापर्यंत येऊन राजमाचीवर चालून गेला होता. १८१८ सालीं किल्ला इंग्रजांनीं घेतला, आणि त्याचें राजकारण तेथेंच संपलें.

त्यानंतर जें घडलें तें लढाईहून शांतपणें घडलें, परंतु त्याचा परिणाम अधिक खोल झाला. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ सालीं त्याच घाटांत आगगाडी चढूं लागली. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग पुरा झाला. तिन्ही वेळां वाहतूक दरीच्या दक्षिणेकडूनच गेली, आणि राजमाची उत्तरेच्या बाजूस उभी राहून ती पाहत राहिली. ज्या गांवानें शतकानुशतकें घाट राखला, त्याच्याकडे घाटांतील प्रवाशांना मान वळविण्याचेंही कारण उरलें नाहीं.

तथापि वाटा राहिल्या. त्या कोणीं राखल्या, हा प्रश्न डोंगर चढणाऱ्यानें स्वतःला अवश्य विचारावा. त्यांवर खडी पडली नाहीं कीं मुकादम नेमला गेला नाहीं. बाजारासाठीं लोणावळ्यास जाणारा शेतकरी, लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई, गुरांमागें हिंडणारा पोर, दुखणेकऱ्याला झोळींत घालून दवाखान्याकडे धांवणारे शेजारी, यांच्या पावलांनीं त्या राखल्या. सह्याद्रीच्या पावसांत वाट दोन वर्षें पडून राहिली, तर कारवीचें रान तिला गिळून टाकतें. डोंगरांतील वाट ही चालण्यानेंच जिवंत राहते.

राजमाचीस जाण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली लोणावळ्याहून तुंगार्लीच्या तलावाजवळून आणि वळवंडच्या बाजूनें जाते. अंतर सुमारें १६ किलोमीटर, म्हणजे दहा मैल. चढउतार बेताचाच असल्यामुळें मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबालाही ती झेपते. आतां या बाजूनें कच्चा रस्ता झाला आहे. मात्र पावसाळ्यांत चिखलामुळें वाहनांचे त्यावर फार हाल होतात आणि पायांचाच जय होतो.

दुसरी वाट कर्जतकडून. कोंदिवडे गांवापासून ती उल्हासच्या खोऱ्यांतून निघते आणि तीन-चार तासांत सरळ माचीवर चढते. ही दमछाक करणारी आहे, पण अधिक जुनी आणि अधिक बोलकी हीच. कारण चढणीच्या आरंभींच कोंडाण्याचीं लेणीं लागतात. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेलें येथील चैत्यगृह पाहून माणूस थक्क होतो. लांकडी इमारतीची कमान, तुळया, सज्जे असें सारें पाषाणांतून हुबेहूब उतरविलेलें आहे. पावसाळ्यांत लेण्याच्या तोंडावरून पाण्याची धार पडते आणि आंतला माणूस जलाच्या पडद्याआड बसतो. चैत्याच्या दर्शनीं भागाशीं एका भग्न मूर्तीचें मस्तक आहे, आणि त्याजवळ ब्राह्मी लिपींत एक ओळ कोरलेली आहे. कृष्णाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा आशय. त्या एका ओळींत ना राजाचें नांव, ना दानाचा आंकडा. आधीं गुरूचें नांव, मग स्वतःचें. दोन हजार वर्षांमागें याच वाटेवर काम करणाऱ्या माणसाची एवढीच खूण उरली आहे, आणि ती पुरेशी आहे.

माचीवर पोंचल्यावर प्रथम गांव, मग किल्ले. दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडींत भैरवनाथाचें देऊळ आहे. तेथून एका हातास श्रीवर्धन, दुसऱ्या हातास मनरंजन. श्रीवर्धनची उंची सुमारें ३,००० फूट. त्यावर पाण्याचीं टाकीं, कातळांत खोदलेली प्रशस्त गुहा आणि चिलखती बुरूज, म्हणजे एका तटाआड दुसरा तट असलेला बुरूज, हीं पाहण्यासारखीं आहेत. माथ्यावरून उल्हासची दरी, पलीकडे नागफणीचा सुळका आणि दूरवर माथेरानचा पसरट डोंगर दिसतो. गांवाजवळ एक दगडी बांधणीचें तळें असून त्याच्या कांठीं जुनें शिवालय आहे. रात्रीं गांवांतल्या घरीं भाकरी-पिठलें मिळतें, आणि दहा मैल चालून आलेल्यास त्याची चव शहरांत पुन्हां सांपडत नाहीं.

मे महिना सरतां सरतां आणि पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास या रानांत काजवे प्रकटतात. झाडेंच्या झाडें लुकलुकूं लागतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांची परस्परांस घातलेली साद होय; नर-मादीची ओळख त्यानेंच पटते. अळी असतांना महिनोन्महिने गोगलगाई खाऊन वाढलेल्या या जिवाला पंख फुटल्यावर थोडेच दिवस आयुष्य लाभतें, आणि तेवढ्यांत त्याला पुढच्या पिढीची तरतूद करावयाची असते. अलीकडे या दिवसांत राजमाचीवर शहरांतून मोठी गर्दी लोटते. विजेऱ्या आणि मोटारींचे दिवे यांच्या झोतांत काजव्यांची साद हरवते. तुडवलेल्या गवतांत त्यांच्या माद्या चिरडतात. ज्या नवलासाठीं माणसें येतात, तेंच त्यांच्या येण्यानें मंदावूं लागावें, यासारखी खेदाची गोष्ट नाहीं. गांवालाही हें कोडें सुटणें सोपें नाहीं. कारण पाहुणा आला तर घरांत चार पैसे येतात, आणि पाहुणे फार झाले तर रान जातें.

यावर तोडगा याच डोंगरांत, शेजारच्या ढाकच्या बहिरीकडे आहे. वळवंडच्या बाजूनें रानांतून तिकडे वाट जाते. ती चकवणारी असल्यामुळें गांवचा माणूस बरोबर घेतल्यावांचून कोणीं जाऊं नये. शेवटीं उभ्या कड्यांत खोदलेल्या पावठ्या धरून गुहेंत जावें लागतें, आणि तेथें पाय निसटला तर खालीं दरीच आहे. पावसाळ्यांत तर ही वाट वर्ज्यच समजावी. त्या गुहेंत पाण्याचें टाकें आहे आणि देवाचीं म्हणून ठेवलेलीं भांडीं आहेत. येणाऱ्यानें तीं घ्यावीं, त्यांत रांधावें, जेवावें, आणि घासून पुन्हां जागच्या जागीं ठेवावीं, असा रिवाज आहे. जो भांडें घरीं नेईल त्याचें बरें होत नाहीं, अशी परिसरांतील लोकांची श्रद्धा आहे. तेथें कुलूप नाहीं कीं पहारेकरी नाहीं.

राजमाचीच्या वाटा, तिचें तळें, तिचे काजवे, हींही त्याच भांड्यांसारखीं आहेत. त्यांवर प्रत्येक चालणाऱ्याचा हक्क आहे. मात्र दिवा मालवून काजवे पाहावे, गांवांत जेवावें व त्याचे पैसे चोख द्यावे, आपला केरकचरा आपल्याच पिशवींत परत न्यावा, आणि धुकें उतरलें तर हट्ट न धरितां गांवच्या माणसाचें ऐकावें. एवढें ज्याच्याकडून होईल त्यानें खुशाल निघावें. दोन हजार वर्षांच्या पावलांत त्याचीं पावलें मिसळतील, आणि त्याच्या मागून येणाऱ्याला ती वाट तशीच सांपडेल.