जुने वस्त्र, नवा पेहराव : दिल्लीच्या जुन्या कपड्यांच्या बाजाराचे अर्थकारण

(राजधानी क्षेत्रात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू मला दिसले. अर्थशास्त्राच्या माणसाने महागाई, व्याजदर किंवा अर्थसंकल्प यांवर बोलावे. जुन्या कपड्यांवर काय बोलावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी तुमच्यातील एका विद्यार्थिनीने मला हळू आवाजात सांगितले की, तिच्या अंगातील जाकीट कुणीतरी आधी वापरलेले आहे. लगेच तिने पुस्ती जोडली, "सर, नाव मात्र सांगू नका." नाव मी सांगणार नाही. तिच्या त्या हळू आवाजाबद्दल मात्र बोलणार आहे.

तो आवाज माझ्या परिचयाचा आहे. १९९२ साली संशोधनासाठी मी सातारा जिल्ह्यातून दिल्लीत आलो, तेव्हा माझ्याजवळ एक बिनबाह्यांचा स्वेटर होता आणि दिल्लीच्या थंडीविषयी संपूर्ण अज्ञान होते. डिसेंबरच्या एका रविवारी लाल किल्ल्यामागील बाजारातून मी एक जुना लोकरी कोट घेतला. कोपरांवर तो विरला होता. शिंप्याकडून ठिगळे लावून घेतली आणि पुढील सात हिवाळे तो वापरला. घरी पाठविलेल्या पत्रात मात्र 'नवीन कोट घेतला' असे लिहिले. शिष्यवृत्तीच्या पैशांत बसेल असा शहाणपणाचा व्यवहार मी केला होता आणि तरीही मला तो लपवावासा वाटला. व्यवहार शहाणपणाचा असूनही त्याची लाज का वाटावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

बोहारणीचे अर्थशास्त्र

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी बोहारीण पाहिली असेल. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचे गाठोडे घेऊन ती दुपारी दारात येई. आई जुनी लुगडी, विजारी काढी. एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चाले आणि शेवटी आणखी एक साडी देऊन सौदा पटे.

वस्तुविनिमयाची मोठी अडचण म्हणजे गरजांचा दुहेरी मेळ, असे पाठ्यपुस्तके सांगतात. माझ्याजवळ जे आहे ते तुम्हाला हवे असले पाहिजे आणि तुमच्याजवळ जे आहे ते मला. बोहारणीने ही अडचण सोडविली. प्रत्येक घरात हवी असणारी एकच वस्तू, म्हणजे स्टीलचे भांडे, तिने सोबत ठेवली. शिवाय जुने कपडे 'विकणे' मध्यमवर्गाला कमीपणाचे वाटे. भांड्याच्या बदल्यात 'देणे' मात्र प्रतिष्ठेला धक्का लावत नसे. बाजार चालण्यासाठी माणसाची मानसिकता ओळखावी लागते, हे तिला कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नव्हते.

दिल्लीत हेच काम प्रामुख्याने गुजरातमधून आलेला वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाज करतो. पश्चिम दिल्लीतील रघुवीरनगर हे त्याचे केंद्र. दिवसभर वसाहतींतून फिरून गोळा केलेले कपडे तेथे पहाट होण्यापूर्वीच्या बाजारात मांडले जातात आणि शहर जागे होईपर्यंत बरेचसे व्यवहार उरकलेले असतात. या व्यापारात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. दिल्लीत स्वस्त मिळणारा प्रत्येक कपडा जुना नसतो. नोएडा, गुरुग्राम व फरीदाबाद येथे निर्यातीसाठी कपडे शिवणारे कारखाने आहेत. मागणीपेक्षा जास्त शिवलेला किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेला माल सरोजिनीनगर आणि जनपथच्या बाजारांत येतो. तेथे असा कोरा माल आणि वापरलेला माल शेजारी शेजारी दिसतो. घेणाऱ्याने आपण काय घेत आहोत हे विचारून घ्यावे.

निवड करणाऱ्यांचे श्रम

घरातून निघालेले गाठोडे म्हणजे कच्चा माल होय. त्याची किंमत निवडीतून वाढते. चांगल्या पॅंटी व शर्ट वेगळे निघतात. धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून पुन्हा विक्रीला येतात. रेशमी साड्यांच्या उशा, पिशव्या, घागरे होतात. विरलेले सुती कापड कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जाते.

लोकरीचा शेवटचा प्रवास पानिपतकडे होतो. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे हे शहर टाकाऊ कपड्यांपासून सूत काढण्यासाठी जगभर ओळखले जाते. तेथे कपड्यांची रंगानुसार वर्गवारी होते, बटणे व चेन काढल्या जातात, कापड फाडून त्याचे तंतू केले जातात आणि पुन्हा सूत कातले जाते. रंग आधीच जुळविलेले असल्याने पुन्हा रंगविण्याची फारशी गरज उरत नाही. या सुताची स्वस्त कांबळी आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटली गेली आहेत. या उद्योगासाठी परदेशांतूनही चिंध्या येतात. वापरण्यायोग्य जुन्या कपड्यांच्या आयातीवर परवान्याचे बंधन असल्यामुळे, चिंध्या म्हणून येणारा माल पुन्हा अंगात घालता येणार नाही असा फाडलेला असावा लागतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जुना कपडा दुसऱ्यांदा विकला गेला तर त्याची पूर्ण किंमत धरली जात नाही, कारण तो ज्या वर्षी तयार झाला त्या वर्षी मोजला गेलेला असतो. मोजायची ती केवळ विक्रेत्याच्या सेवेची किंमत. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. परंतु ही सेवा देणारी बाई पावती फाडत नाही, खाते लिहीत नाही. त्यामुळे तिच्या सेवेची मोजदाद अंदाजानेच होते आणि ज्याची मोजदाद अंदाजाने होते, त्याचा विचार धोरणात बहुधा शेवटी होतो.

रोजचा पेहराव जुळविताना

आता तुमच्या उपयोगाचे बोलू. जुना कपडा स्वस्त पडतो, हे विधान अर्धे खरे आहे. कपड्याची खरी किंमत तो किती वेळा अंगात घातला जातो यावर ठरते. समजा, १,२०० रुपयांचा नवा शर्ट तुम्ही ४० वेळा वापरला. एका वापराला ३० रुपये पडले. २०० रुपयांचा जुना शर्ट घेऊन दुरुस्ती व धुलाईवर ८० रुपये खर्च केले आणि तो ३५ वेळा वापरला, तर एका वापराला ८ रुपये पडले. पण तोच शर्ट केवळ स्वस्त दिसला म्हणून घेतला आणि दोनदा घालून ट्रंकेत टाकला, तर एका वापराला १४० रुपये पडतील. स्वस्ताईच्या मोहाने घेतलेला ढीग हा महागडा ढीग असतो.

म्हणून बाजारात जाण्यापूर्वी घरातील कपडे मांडून पाहावेत. तीन खालची वस्त्रे आणि पाच वरची वस्त्रे एकमेकांशी जुळणारी असतील, तर पंधरा पेहराव तयार होतात. मात्र त्यासाठी प्रत्येक वरचे वस्त्र प्रत्येक खालच्या वस्त्राबरोबर शोभले पाहिजे. खालची वस्त्रे काळी, निळी, मातकट अशा शांत रंगांची घ्यावीत. रंगांची हौस कुर्ते, शर्ट व ओढण्यांवर भागवावी. दिल्लीचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही कडक. उन्हाळ्यासाठी धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड नव्यापेक्षा सुखद असते. थंडीत एकाच जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर उपयोगी पडतात. उन्हाळ्याचाच शर्ट मग स्वेटरच्या आत कामी येतो. आईच्या जुन्या इरकली साडीचा कुर्ता शिवला, तर तोही याच हिशेबात बसतो.

निवडताना कपडा उजेडासमोर धरावा. विरलेली जागा लगेच कळते. कॉलर, काख, गुडघे आणि चेन पाहावी. लोकरीला कसर लागली आहे का, हे बघावे. शिलाई उलटून आत माया किती सोडली आहे ते तपासावे. माया असेल तर कपडा थोडा सैल करता येतो. सैल कपडा कमरेत घेता येतो, लांबी कमी करता येते. पण खांदे बसत नसतील तर तो कपडा सोडून द्यावा. अंतर्वस्त्रे जुनी घेऊ नयेत. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. लोकर मात्र गरम पाण्यात आटते.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, तर चांगला माल बाजारातून हटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोटारीचे इंजिन आपल्याला उलटून पाहता येत नाही. कपडा मात्र पाहता येतो. येथे अज्ञान दूर करणे आपल्या हाती आहे.

उतरलेले आणि निवडलेले

आता त्या हळू आवाजाकडे वळतो. आपल्या समाजात जुन्या वस्त्राला दोन अर्थ आहेत. नवजात बाळाला आजीच्या मऊ लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात; तेथे जुने वस्त्र म्हणजे माया. पण बलुतेदारीच्या व्यवस्थेत मृताच्या अंगावरचे वस्त्र हा महारांचा 'हक्क' ठरविला होता. तेथे जुने वस्त्र म्हणजे पायरी दाखविण्याचे साधन. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी बोलताना पेहरावाचा प्रश्न मुद्दाम घेतला. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी साडी नेसण्याची पद्धत व दागिने सोडण्यास सांगितले, स्वच्छतेवर भर दिला. वस्त्र ही केवळ लज्जारक्षणाची वस्तू नसून सामाजिक स्थानाची भाषा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा आपली लाज निराधार नाही. तिला इतिहास आहे. कुणीतरी उतरवून दिलेले, नकार देण्याची सोय नसलेले वस्त्र माणसाला खाली आणते. स्वतः पारखून, दाम मोजून घेतलेले तेच वस्त्र त्याला स्वाधीन ठेवते. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या 'गूंज' या संस्थेने हाच विचार दानाच्या क्षेत्रात आणला. गावकरी श्रमदानातून गावाचे काम उभे करतात आणि त्याचा मोबदला म्हणून त्यांना कपडे मिळतात. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथे एक अडचणीचा प्रश्न मी टाळणार नाही. सुस्थितीतील तरुण जुन्या बाजारात मोठ्या संख्येने उतरले, तर चांगल्या कपड्यांचे भाव वाढून गरजूंचे नुकसान होणार नाही का? काही प्रमाणात होईल, विशेषतः गरम कपड्यांच्या बाबतीत. त्यावर उपाय एकच : गरजेपुरते घ्यावे आणि आपल्या घरात पडून असलेले चांगले कपडे याच बाजारात सोडावेत. घेणाऱ्यांबरोबर देणारेही वाढले, तर बाजार सर्वांना पुरेल.

काय करता येईल?

पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला आणि पीएम स्वनिधी ही कर्जयोजना २०२० मध्ये आली. जुने कपडे गोळा करणाऱ्या फेरीवाल्या स्त्रिया ठरावीक जागी बसत नाहीत. त्यांची नोंदणी आणि ओळखपत्रे यांकडे म्हणूनच वेगळे लक्ष द्यावे लागेल. पहाटेच्या बाजारांना छप्पर, पाणी, प्रकाश आणि स्वच्छतागृह मिळाले पाहिजे. शिवणकामाच्या प्रशिक्षणात रफू व जुन्या कपड्यांची फेररचना यांना स्थान असावे. आणि ज्या गृहसंकुलांच्या फाटकावर बोहारणीला अडविले जाते, तेथील रहिवाशांनी आठवड्यातून एक दिवस तरी तिला आत येऊ द्यावे. एवढ्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

माझ्या कोटाची हकिकत पुरी करतो. दुसऱ्या वर्षी मी तो घालून गावी गेलो. आईने तो हातात घेतला, अस्तर उलटले, शिलाई पाहिली. आयुष्यभर बोहारणीशी घासाघीस केलेल्या बाईपासून काय लपणार? तिने फक्त इतकेच विचारले, "केवढ्याला दिला?" मी किंमत सांगितली. ती म्हणाली, "मग घेतलास ते बरं केलंस. पण पत्रात खोटं कशाला लिहिलंस?"

त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे सारे सांगितले.