मुका मार बोलतो



आज एक अवघड गोष्ट बोलायची आहे. पोलिसांच्या ताब्यात किंवा तुरुंगात माणूस मेला, तर खरे काय घडले ते कळायचे कसे? कोठडीत बाहेरचे कोणी नसते. तिथे साक्षीदार एकच. त्या माणसाचा देह.

आपल्या मंगरूळपीरहून वाशीम, हिंगोली ओलांडली की परभणी जिल्हा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात दंगा झाला. सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी. पोलिसांनी त्यांनाही धरले. १५ डिसेंबरला ते न्यायालयीन कोठडीत वारले. पोलिसांनी मारले नाही, असे सरकारने विधानसभेत सांगितले. पण छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डॉक्टरांनी देह तपासून लिहिले, ‘अनेक जखमांच्या धक्क्याने मृत्यू.’ त्यांची आई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोषी कोण, हे खटल्यात ठरायचे. पण दार उघडले.

डॉक्टरांना कळते कसे? मुका मार आधी लाल-निळा दिसतो. मग हिरवट, मग पिवळा. त्यावरून मार ताजा की जुना, याचा अंदाज येतो. काठीच्या माराच्या दोन समांतर रेघा उठतात. मेल्यावरही रक्त खाली साठून डाग पडतात. तो मार नव्हे. चीर दिली तर असे रक्त धुऊन जाते. माराचे रक्त मांसात मुरलेले असते, ते जात नाही. म्हणून नुसते वरून पाहून भागत नाही.

आता कायदा ऐका. अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते. देह २४ तासांत तपासणीला पाठवायचा असतो. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचे असते. मानवाधिकार आयोगालाही २४ तासांत कळवायचे असते. चिरफाडीचे चित्रण व्हावे, असेही आयोगाने सांगून ठेवले आहे.

असा प्रसंग कोणावर न येवो. आलाच, तर दुःखात घाई करू नका. तपासणी झाल्याशिवाय देहाला अग्नी देऊ नका, माती देऊ नका. अहवालाची प्रत मागा. आणि वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नका.

आपण अक्षरे शिकलो ती कशासाठी? मेलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने लिहिलेला कागद आपण वाचायचा असतो.